शिकली ती, शाल मला

आमच्या मराठी समाजाच्या गणेशोत्सवात मागे माझं एक व्याख्यान झालं होतं. थाई भाषेतली आपली अक्षरं आणि आपले शब्द, असा विषय होता. देवासच्या जुन्या मंडळींना ते अजून आठवतं. दूध आणायला निघालो की कुणी ना कुणी विचारतंच, "काय नाना, थाई कुठवर आली?" या वयात परकी भाषा आणि तिची लिपी शिकलो म्हणून त्या दिवशी मला शाल-श्रीफळ मिळालं. समाजाच्या वार्षिक अंकात चार ओळी कौतुकही छापून आलं. थाई बोलण्यातले चढउतार गाण्याच्या नोटेशनच्या खुणांनी लिहून ठेवण्याची युक्ती मी काढली, असं त्यात होतं.

ती युक्ती माझी नव्हे. आणि थाई मला येत नाही. आमच्या देवासच्या घरात ती भाषा एकाच माणसाला येते, आणि ते माणूस त्या दिवशी मंडपात बायकांच्या रांगेत बसून टाळ्या वाजवत होतं. त्याच अंकात आता हे छापावं अशी मी संपादकांना विनंती केली आहे. ते म्हणाले, "नाना, इतकं काय त्यात?" त्यात काय आहे तेच लिहितो.

मी संस्कृतचा शिक्षक. नोकरीची वर्षं कुक्षीला गेली, मग कन्नौदला, शेवटची देवासला. माळवी बोलणाऱ्या मुलांकडून मी रूपं पाठ करून घेतली. आमचं घराणं मूळचं धारचं, दरबारात कारकुनी करणारं. घरात मराठी, शाळेत हिंदी, बाजारात माळवी, आणि या सगळ्यांच्या वर संस्कृत, अशी माझ्या मनात भाषांची उतरंड होती. त्या उतरंडीच्या टोकाला मी स्वतः बसलेलो होतो, हेही खरं.

पत्नीही धारचीच. घरात सगळे तिला माई म्हणतात. ती शाळा शिकली ती हिंदीतून. मराठी पुस्तक हातात घेतलं की ओळीवर बोट ठेवून वाचते. पण गळा चांगला, लहानपणी पेटीवर गाणं शिकलेली. आमच्या गल्लीतल्या भजनी मंडळाच्या चाली तीच बसवते. कुणाचा स्वर जरा उतरला तरी ती मान न वळवता डोळ्यांनी त्या बाईला गाठते. मला स्वर कळत नाहीत. पन्नास वर्षांच्या संसारात मला याचं कधी वैषम्य वाटलं नव्हतं. गाणं ही तिची गोष्ट, भाषा ही माझी.

आमचा मुलगा पीथमपूरच्या एका कारखान्यात होता. कंपनीनं त्याला बँकॉककडे पाठवलं आणि तिथंच त्यानं लग्न केलं. सूनबाई तिथल्याच, लहान मुलांच्या शाळेत शिकवतात. नातीला थाई येते, थोडं इंग्रजी येतं. मराठी येत नाही. मुलालाच धड वाचता येत नाही तर तो तिला काय शिकवणार! रविवारी व्हिडिओ कॉल व्हायचा. नात पाच वर्षांची होती. मी तिच्याशी इंग्रजीत बोलायचो, "हाउ आर यू?" ती म्हणायची, "फाइन." इतकंच. माई तर पडद्याकडे बघून नुसती हात हलवायची. एकदा कॉल संपल्यावर ती म्हणाली, "दुकानातल्या बाहुलीला बघून येतो ना आपण, तसं होतं."

तेव्हा मीच ठरवलं की आपण थाई शिकायची. दोघांनी. सूनबाईंना विचारलं. त्यांना मुलाकडून शिकलेलं मोडकं हिंदी येतं. त्या हात जोडून म्हणाल्या, "हाँ नाना, हर संडे. मैं पढ़ाएगी."

लिपी समोर आली आणि मला वाटलं, ही तर माझीच जहागीर आहे. चव्वेचाळीस व्यंजनं, पण क्रम आपला. क, ख, ग, ङ. त्यांच्याकडे क कोंबडीचा, ख अंड्याचा, ङ सापाचा. ङ वरून सुरू होणारा शब्द पाहून मला इतका आनंद झाला की मी माईला स्वयंपाकघरातून बोलावून आणलं. आपली पहिली वेलांटी जशी उच्चाराच्या आधी लिहितात तसे त्यांचे काही स्वर अक्षराच्या आधी बसतात. दोन शब्दांत जागा सोडत नाहीत, सगळी ओळ एका दमात. मला काही जड गेलं नाही. महिन्याभरात मी वळणदार थाई लिहू लागलो. गुरूला ख्रू, भाषेला फासा, अक्षराला अक्सोन. प्रत्येक शब्दाच्या मागे मला आपला माणूस उभा दिसायचा.

इथपर्यंत सगळं ठीक होतं. बोलायला तोंड उघडलं आणि गाडी अडली.

थाईत एकच अक्षर पाच प्रकारे बोलता येतं. सपाट, खालचं, वरचं, वरून खाली पडणारं आणि खालून वर चढणारं. 'मा' सपाट म्हटलं तर ये, वर धरलं तर घोडा, खालून चढवलं तर कुत्रा. मला ते तिन्ही एकच ऐकू यायचे. मी नातीला प्रेमानं 'ये' म्हणायचो आणि ती खिदळत आईच्या कुशीत शिरायची. सूनबाई हसू दाबत म्हणायच्या, "नाना, लिखा बहुत सुंदर. बोला... थोड़ा कुत्ता."

वर मी त्यांच्याशी वाद घालायचो. जेवणाला त्या आहान म्हणतात. मी म्हटलं, "मूळ शब्द आहार आहे. र आहे शेवटी, लिहितानाही र लिहिता. मग न कुठून आला?" त्यांच्याकडे वडीलधाऱ्यांना 'चुकलात' म्हणत नाहीत. मी त्यांची भाषा त्यांनाच दुरुस्त करून देत होतो आणि त्या मान डोलावत होत्या.

शेजारी बसलेली माई म्हणाली, "अहो, तुम्ही वाचताय. त्या बोलताहेत. पहले सुनो तो."

"मग तू म्हणून दाखव."

तिनं डोळे मिटले, हाताचा पंजा हवेत धरला आणि तीन वेळा 'मा' म्हणाली. पहिल्यांदा पंजा जागेवर, दुसऱ्यांदा वर, तिसऱ्यांदा खालून वळसा घेत वर. पडद्यावर नात टाळ्या पिटत उठून उभी राहिली. ये, घोडा, कुत्रा, तिन्ही बरोबर आले होते.

मी हसलो. सगळे हसत होते, म्हणून मीही हसलो. पण पुढ्यातली थाई अक्षरांची वही मी मिटून ठेवली. त्या क्षणाला मत्सर म्हणायला मी पुढे फार वेळ घेतला.

त्यानंतर दर रविवारी ती पुढे जात राहिली. तिला थाई अक्षरं कधी नीट लागली नाहीत. ती सगळं देवनागरीत लिहायची आणि त्यावर भजनाच्या वहीत घालते तशा खुणा घालायची. खालच्या आवाजाला अक्षराखाली टिंब, वरच्याला वर टिंब, चढत्या-पडत्याला मींडेची कमान, सपाट कोरं. स्वयंपाक करताना तेच गुणगुणायची. मला आतल्या खोलीत बसून ते ऐकू यायचं आणि माझी पानं लिहून होईनाशी व्हायची. मी चव्वेचाळीस अक्षरं घोटली होती, आणि मराठी बोट ठेवून वाचणारी ही बाई माझ्या नातीशी गप्पा मारत होती. काय जेवलीस, केस कुणी बांधले, दात कधी पडला. वाक्यं लहान, पण खरी. तिकडून उत्तर यायचं, मग प्रश्न यायचा. त्या दोघी काय बोलल्या हे मला माईला विचारावं लागायचं.

त्यांच्याकडे वडिलांच्या वडिलांना पू म्हणतात आणि वडिलांच्या आईला या. आईकडच्यांना वेगळे शब्द. आत्या, मावशी वेगळ्या ठेवणाऱ्या आपल्या माणसांना हे आवडण्यासारखंच. मुलानं पहिल्यांदा सांगितलं तेव्हा माई पदर तोंडाला लावून हसली. "मला या म्हणते, म्हणजे येता-जाता आमंत्रणच. आणि तुम्ही मात्र पू!" तेव्हा मीही मनापासून हसलो होतो. पुढे पुढे पडद्यावर नात दिसली की पहिली हाक यायची ती "या!" अशी. पू नंतर, आईनं कोपरानं ढोसल्यावर. आणि मला ते हसण्यासारखं वाटेनासं झालं.

व्याख्यानाचं बोलावणं आलं ते याच दिवसांत. समाजाचे कार्यवाह माझे जुने मित्र, इंदोरी-देवासी वळणाचे. म्हणाले, "क्या भिया, छुपके छुपके थाई! आता बोलावंच लागेल." मी तयारी केली. शब्दांच्या व्युत्पत्ती माझ्या होत्या, त्या मी मेहनतीनं गोळा केल्या होत्या. पण नुसत्या व्युत्पत्तींवर मंडप धरत नाही, हे शिक्षकाला कळतं. म्हणून फळ्यावर मी तिन्ही 'मा' लिहिले आणि त्यांवर टिंबं आणि कमानी काढल्या. म्हणालो, "मी एक पद्धत बसवली आहे." ते वाक्य मी ठरवून गेलो नव्हतो. तोंडातून आलं आणि समोर माना डोलल्या. आमच्या गावाला गाण्याचा कान आहे, लोकांना ते फार आवडलं. आवाज मात्र मी काढला नाही. कोण ओळखणार होतं?

घरी आल्यावर मी वाट बघत होतो की माई काही बोलेल. तिनं शाल झटकून घडी घातली आणि विचारलं, "नारळ फोडू का, की ठेवू?"

पुढच्या रविवारी कार्यवाह पोह्यांच्या निमित्तानं आले ते कॉलच्या वेळेला. "जरा नातीशी बोला ना नाना, ऐकू द्या आम्हाला." मी फोन समोर धरला आणि पाठ केलेली वाक्यं म्हटली. नात कपाळाला आठ्या घालून ऐकत होती. मग ती आईकडे वळून मोठ्यानं काहीतरी म्हणाली. कार्यवाहांनी विचारलं, "क्या बोली?"

मला तेवढं कळलं होतं. ती म्हणाली होती, पू काय बोलतो कळत नाही, फोन आजीला दे.

मी म्हणालो, "म्हणते, आजोबा छान बोलतात."

माई पोह्यांवर शेव घालत होती. तिलाही कळलं होतं, माझ्याहून नीट कळलं होतं. तिचा हात थांबला नाही. कार्यवाहांपुढे बशी ठेवत ती म्हणाली, "लहान आहे, पण लाघवी आहे हो."

तिनं मला उघडं पाडलं असतं तर मी एवढा पेटलो नसतो. तिनं मला झाकलं. झाकता येतं इतकं तिच्यापाशी होतं आणि माझ्यापाशी काहीच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी मुलाला फोन केला. सांगितलं, माईचं बी.पी. वाढतंय, पडद्याकडे बघून डोकं दुखतं, शिकवणी काही दिवस नको. "आणि तिला विचारू नका, ती लपवते, उगाच वाईट वाटून घेईल." मग स्वयंपाकघरात येऊन माईला सांगितलं, "सूनबाईंच्या शाळेचं काम वाढलंय. रविवारचं जमणार नाही म्हणाल्या. पुढे बघू."

हे खोटं टिकायला नको होतं. एका फोननं फुटलं असतं. ते टिकलं, कारण मला दोन्ही घरांच्या रीती ठाऊक होत्या. माईच्या माहेरी सून एकदा नाही म्हणाली की सासूनं दुसऱ्यांदा विचारायचं नसतं. त्यात सासूचा मान जातो आणि सुनेला संकोच होतो, असं तिची आई म्हणायची. आणि सूनबाईंच्या घरी वडीलधाऱ्याला बरं नाही म्हटल्यावर खोदून विचारत नाहीत, लांबूनच काळजी करतात. एकीचा मान आणि दुसरीची मर्यादा यांच्या मधोमध मी माझं खोटं ठेवलं आणि ते दीडएक वर्ष जागचं हललं नाही. व्हिडिओ कॉलचा फोन माझा होता. माईकडे बटणांचा.

कॉल महिन्यातून एकदा होऊ लागला. माई नमस्कार करायची आणि "बरे आहात ना सगळे?" एवढं म्हणून उठायची. नातीनं सुरुवातीला "या!" म्हणून हाका मारल्या. मग आई तिच्या कानात काहीतरी सांगायची आणि ती गप्प व्हायची. आता माझी पाळी पहिली होती. मी "हाउ आर यू" म्हणायचो. ती "फाइन" म्हणायची. मला हेच हवं होतं का, असं मी स्वतःला विचारलं नाही. माईच्या खुणांचे कागद भजनाच्या वहीत गेले आणि स्वयंपाकघरातलं गुणगुणणं पुन्हा अभंगांचं झालं.

या थंडीत ते तिघं आले. इंदोरच्या विमानतळावरून घरी येईपर्यंत नात गाडीत झोपली होती. दारात उतरल्यावर तिनं दोन्ही हात जोडले आणि आईच्या मागे गेली. सात वर्षांची झाली होती, उंच झाली होती. माईनं तिच्या गालांवरून हात फिरवून बोटं मोडली आणि चिरोट्यांची बशी पुढे केली. थाईचा शब्द मात्र तोंडातून काढला नाही. मुलगी बशीकडे बघत आईला हळूच काहीतरी विचारत होती. सूनबाई तितक्याच हळू म्हणाल्या, "या माय सबाय."

आजीला बरं नाही. सोप्यातलं सोपं वाक्य. माईनं बशी खाली ठेवली.

थोड्या वेळानं सूनबाईंनी पिशवीतून एक खोकं काढलं आणि दोन्ही हातांनी तिच्यापुढे धरलं. बी.पी. मोजायचं मशीन होतं.

"हे कुणाला?" माईनं विचारलं.

मुलगा म्हणाला, "तुलाच. नाना म्हणाले होते ना, तुझं बी.पी. वाढतं म्हणून. ही तर रोज देवाला सांगत होती तिकडे."

माईनं माझ्याकडे बघितलं. मी सतरंजीकडे बघत होतो. मग तिनं बाही वर केली आणि हात सूनबाईंच्या पुढे केला. "बांधा."

मशीन घरघरलं. मुलगा आकडे वाचून खूश झाला. "अरे वा! माई, हे तर माझ्यापेक्षा चांगलं आहे. औषधानं आटोक्यात आलं."

"हो," ती म्हणाली. "औषधच तसं होतं."

दुसऱ्यांदा झाकलं होतं तिनं मला. मी तिच्या मागोमाग स्वयंपाकघरात गेलो. ती कणीक मळायला बसली होती.

"अगं..."

"किती वाट बघितली मी, माहीत आहे तुम्हाला?" तिनं वर बघितलं नाही. "वाटलं, म्हातारीला शिकवून कंटाळल्या असतील. आपण काय, अडाणी. मग वाटलं, शिकलेली सून आहे, गरज सरली. मी त्या पोरीबद्दल मनात वाईट आणलं, अहो. आणि ती तिकडे माझ्यासाठी देवापुढे बसत होती."

"मला तुझा... मला सहन झालं नाही."

"ते मला तेव्हाच दिसत होतं. मी म्हटलं, होईल शांत. शाल मिळाली, आता बरं वाटेल." तिनं कणकेला जोरात मूठ मारली. "तुम्हीच शिकवणी तोडली असेल, असं काही माझ्या मनात आलं नाही. तेवढा वाईट विचार तुमच्याबद्दल मला करता आला नाही."

मी उभाच होतो. ती म्हणाली, "आता सूनबाईंना तुम्ही सांगायचं."

"सांगतो. आत्ताच सांगतो."

"इंग्रजीत नाही. इंग्रजी तुम्ही फार छान बोलता, त्यात खोटंही छान वाटतं. त्यांच्या भाषेत सांगा."

"मला येत नाही," मी म्हणालो. हे वाक्य मी आयुष्यात कुठल्याच भाषेबद्दल कुणापुढे बोललो नव्हतो.

"मग शिका."

तिनं पिठाचे हात तसेच ठेवून मला तीन वाक्यं दिली. माफ करा, मी खोटं बोललो, आजी आजारी नाही. खो थोत, फोम कोहोक, या माय पुआय. मी म्हटलं, "यातला थोत म्हणजे आपला दोष बरं का, षचा तिथं त..." ती म्हणाली, "ते भाषणात सांगा. आत्ता आवाज वरून खाली आणा." तिचा हात परातीवर खाली-वर होत होता आणि मी त्या हाताकडे बघून बोलत होतो. कुक्षीच्या शाळेत एक मुलगा माझ्यापुढे असा उभा राहून रडला होता, ते आठवलं. पोळ्या झाल्या तरी माझा 'थोत' पडेना.

दुसऱ्या दिवशी सकाळी सगळे गच्चीवर उन्हाला बसलो होतो. मुलगा खाली जिलबी आणायला गेला होता. टेकरीवरच्या देवीच्या देवळातून लाउडस्पीकरचा आवाज येत होता. सूनबाई मटार सोलत होत्या, नात शेंगांचे तुकडे ओळीनं मांडत होती, माई शेजारी बसून मटार निवडत होती. मी सूनबाईंच्या पुढ्यात बसलो आणि हात जोडले. त्या दचकून सरकल्या. सासऱ्यानं हात जोडलेले त्यांना सोसणार नव्हते.

मी तिन्ही वाक्यं म्हटली.

त्यांच्या चेहऱ्यावर काहीच उमटलं नाही. माझं त्यांना कळलंच नव्हतं. मी पुन्हा म्हटलं, जास्त मोठ्यानं. नात तोंडावर हात धरून हसू लागली. तेव्हा माईच्या तोंडून, मटार निवडता निवडता, चुकीच्या स्वराला डोळ्यांनी गाठते त्याच सवयीनं, सगळं बरोबर निघून गेलं. खो थोत. फोम कोहोक. या माय पुआय. माझंच वाक्य, त्यातला 'फोम' म्हणजे पुरुषानं म्हणायचा 'मी' तसाच, तिच्या आवाजात.

सूनबाईंच्या हातातली शेंग खाली पडली. त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग माईकडे. मी हिंदीत म्हणालो, "उसको कभी कुछ नहीं था बेटा. झूठ मैंने बोला था. उसको बोला आपके पास टाइम नहीं. आपको बोला उसकी तबियत." त्या माईच्या गुडघ्यावर डोकं टेकून बसल्या. माई त्यांच्या केसांतून पिवळी हळदीची बोटं फिरवत म्हणत होती, "मीसुद्धा विचारलं नाही हो, मीसुद्धा विचारायला हवं होतं."

पण नात माईकडेच बघत होती. हसू थांबलं होतं. तिनं जवळ येऊन आजीची हनुवटी धरली आणि विचारलं, "या, हाय पाय नाय मा?"

आजी, कुठं गेली होतीस, दिसली नाहीस ती?

माझे कान माईच्या उत्तराकडे लागले. ती काहीही सांगू शकली असती. काम होतं, आजारी होते, फोन बिघडला होता. तिला ती सगळी वाक्यं येत होती.

ती म्हणाली, "थाम पू."

पूला विचार.

मुलगी वळली आणि माझ्यापुढे येऊन मांडी घालून बसली. तिच्या वयाच्या मुलाला कळेल असा एकच शब्द मला माहीत होता. तो मी माझ्या यादीत सुंदर अक्षरात लिहून ठेवलेला होता आणि कधी वापरला नव्हता. मी म्हटलं, "पू इत्छा या." आजोबाला आजीचा हेवा वाटला.

तिनं डोकं तिरपं केलं. तिला समजलं नव्हतं. मी परत म्हटलं. तिनं भुवया आक्रसल्या, मग एकदम उजेड पडावा तशी म्हणाली, "आ! इत्छा!" आणि पहिला स्वर खाली दाबून, दुसरा खालून वर चढवून दाखवला. मग बोट माझ्याकडे केलं. म्हण.

मी म्हटलं. चुकलं. तिनं आजीसारखा पंजा हवेत धरला. सूनबाई आणि माई दोघी बघत होत्या, जिलबीचा पुडा घेऊन मुलगा जिन्याच्या तोंडाशी येऊन थांबला होता, आणि मी सगळ्यांसमोर मला हेवा वाटला, मला हेवा वाटला, असं म्हणत राहिलो. मुलाला त्यातलं काय कळलं कोण जाणे, त्यानं विचारलं नाही.

अखेर एकदा बरोबर आलं असावं, कारण तिनं मान डोलावली. मग ती उठली आणि आजीच्या मांडीत जाऊन बसली, माझ्याकडे पाठ करून. दोघी लगेच बोलू लागल्या. भराभर, एकमेकींचं वाक्य तोडत, दीड वर्षाचं साचलेलं. मला एखाददुसरा शब्द लागत होता, दात, मांजर, शाळा. बाकी सगळं मला न कळता पुढे जात होतं. मला तेव्हाही हेवा वाटला. आता त्याला नाव होतं, आणि उच्चारही बरोबर येत होता.